भालकी ते सेडम, व्हाया विकाराबाद

आमची अव्वा सेडमची. लग्न होऊन ती भालकीला आली १९५७ साली, रेल्वेने. आता नकाशा उघडून बघा. सेडम तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यात, भालकी बीदर जिल्ह्यात आणि दोन्ही जिल्हे एकमेकांना लागून. पण रेल्वेने यायचे तर सेडमहून आधी पूर्वेला तांडूर, पुढे विकाराबाद, तिथे गाडी बदलायची, मग उलटे वळण घेऊन जहिराबाद, बीदर आणि शेवटी भालकी. सगळा द्राविडी प्राणायाम! त्यात एक वर्ष आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झालेली. म्हणजे वऱ्हाड निघाले म्हैसूर राज्यातून, रात्र काढली आंध्र प्रदेशात आणि सकाळी उतरले पुन्हा म्हैसूर राज्यात. आमचे आजोबा शेवटपर्यंत थट्टेने म्हणायचे, "सून दोन राज्ये ओलांडून आणली आहे, जपून बोला तिच्याशी."

वडील मराठी, अव्वा कानडी. घरात हिशेब मराठीत, रागावणे कानडीत आणि बाजारातली घासाघीस दखनीत. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची ही कथा आहे, त्यामुळे त्याचे नवल कुणाला वाटणार नाही. पण या दोन भाषांना जोडणारा धागा आमच्या घरात रेल्वेचा होता. दिवाळीला, नागपंचमीला आम्ही भावंडे अव्वाबरोबर माहेरी निघायचो ती भालकी स्टेशनावरूनच. पुढे एसटीने, म्हणजे आपल्या लाल गाडीने, जवळचा रस्ता झाला तरी अव्वाला रेल्वेच हवी असायची. "बसमध्ये माणूस नुसता बसतो, रेल्वेत माणूस जातो," असे तिचे म्हणणे. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पहिला रोल

नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी, १९८८ साली, मी याशिकाचा कॅमेरा घेतला. तोही जुना, उदगीरच्या एका ओळखीच्या माणसाकडून. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुवायला द्यायचा, आठवडाभर वाट बघायची आणि मग कळायचे की निम्मे फोटो हलले आहेत. लग्नसमारंभाचे फोटो काढायला घरच्यांनी सांगितले तर माझा रोल आधीच इंजिनांनी भरलेला. सौभाग्यवतींची तक्रार अजून चालू आहे, "आपल्या थोरलीच्या जावळाचा एक फोटो आणि सिग्नलचे पस्तीस!"

पण त्या वेळच्या लहान स्टेशनांवर बघण्यासारखे होतेच तसे. भालकी, हलबर्गा, कमलनगर ही आपल्या मार्गावरची स्टेशने. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बीदरमार्गे परळी वैजनाथकडे काढलेला हा फाटा. दिवसातून मोजक्या गाड्या. गाडी येण्याआधी स्टेशनावर माणसे जमत, शेंगा फोडत बसत. गाडी गेली की पाच मिनिटांत सामसूम. मग उरायचे कोण? स्टेशन मास्तर, सांधेवाला, एखादे कुत्रे आणि मी.

एका तेलुगू स्टेशन मास्तरांशी माझी चांगली ओळख झाली. त्यांना मराठी येत नव्हते, मला तेलुगू येत नव्हते, दोघांचे दखनीत जमले. त्यांनीच मला टोकनची करामत समजावून सांगितली. आपला मार्ग एकेरी. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, नाहीतर समोरासमोर टक्कर. म्हणून दोन्ही स्टेशनांत एकेक लोखंडी यंत्र असे आणि त्यात पोलादी गोळे. दोन्ही यंत्रे तारेने जोडलेली. पुढच्या स्टेशनच्या मास्तरांनी संमती दिल्याशिवाय इकडे गोळा बाहेर पडणार नाही आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघणार नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या किंवा तारेच्या मोठ्या कड्याला अडकवायचा. गाडी न थांबता जाणार असेल तर सांधेवाला फलाटाच्या टोकाला ते कडे उंच धरून उभा राही आणि इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते दंडात झेलून घेई. त्याच वेळी मागच्या सेक्शनचे कडे खाली टाकून देई. ड्रायव्हरच्या हातात तो गोळा म्हणजे पुढचा रस्ता फक्त त्याचा.

"सर, हा गोळा म्हणजे लोहाराच्या दुकानातला गोळा नाही," मास्तर म्हणाले होते, "हा भरवसा आहे." त्या कड्याचा फोटो काढायला मी चार रोल खर्च केले. एकदाचा जमला. हात, कडे आणि इंजिन तिन्ही एका चौकटीत. आता ती पद्धत बहुतेक ठिकाणी इतिहासजमा झाली आहे. सिग्नलचा हात खाली पडण्याचा तो 'खट्' आवाजही गेला. आमच्या लहानपणी "सिग्नल पडला!" अशी आरोळी झाली की बायका पदर सावरून उठत. आजच्या मुलांना दिव्याचा सिग्नल 'पडतो' म्हणजे काय ते सांगावे लागते.

पाटीवरची मधली ओळ

स्टेशनच्या पिवळ्या पाट्यांचे फोटो काढण्याचा नाद मला नंतर लागला. पिवळ्यावर काळी अक्षरे, दोन्ही टोकांना फलाटाच्या उतारावर उभी. कर्नाटकात वर कानडी, मग हिंदी, मग इंग्रजी. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. अव्वा वरची ओळ वाचायची, वडील मधली. मधली ओळ सरकारी हिशेबाने हिंदीची, पण 'कमलनगर' हे हिंदीतही कमलनगर आणि मराठीतही कमलनगरच. १९५६ नंतर आपल्या भागातल्या मराठी माणसाला पाट्यांवर स्वतःची वेगळी जागा उरली नाही, पण रेल्वेच्या पाटीवरची ती मधली ओळ त्याने गुपचूप आपली म्हणून वाचली. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. माझ्या आत्याला उदगीरला दिलेली. ती भालकीहून परत निघाली की कमलनगरची पाटी वाचून डबा आवरायला लागायची, कारण पुढे उदगीर. एके काळी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. पुनर्रचनेत ते तिकडे गेले, जहिराबाद आंध्रात गेले, आपण इकडे राहिलो. रूळ मात्र कुणी तोडले नाहीत. एकाच फाट्यावरची स्टेशने तीन राज्यांत वाटली गेली. आज जहिराबाद-विकाराबाद तेलंगणात, बीदर-भालकी-कमलनगर कर्नाटकात आणि उदगीर-परळी महाराष्ट्रात.

पाट्यांची आणखी एक गंमत सांगतो. आपल्या आसपास 'रोड' नावाची स्टेशने बघा. गाणगापूर रोड, अक्कलकोट रोड, मळखेड रोड, लातूर रोड. नवीन प्रवासी फसतो. गाणगापूर आले म्हणून उतरतो आणि दत्तमहाराज अजून बरेच लांब असतात. रेल्वेने रूळ टाकताना सोयीचा चढ-उतार आणि सरळ रेषा बघितली, गाव बाजूला राहिले. मग त्या गावाला जाणारा रस्ता जिथून फुटतो ते स्टेशन 'रोड' झाले. त्यामुळे अशा स्टेशनांबाहेर पूर्वी बैलगाड्या आणि टांगे, नंतर जीपगाड्या आणि आता रिक्षा उभ्या असतात. पौर्णिमेला गाणगापूर रोडच्या फलाटावर जाऊन बघा. पुण्या-सोलापूरकडचे दत्तभक्त मराठीत विचारतात, रिक्षावाले कानडी हेल काढून मराठीतच उत्तर देतात.

मळखेड रोड हे तर मला सगळ्यांत आवडते स्टेशन. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात इथे अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात 'कविराजमार्ग' हा कानडीतला उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ रचला गेला. त्यात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. तिथल्या फलाटावर उभे राहून दोन्ही बाजूंना जाणारे रूळ बघितले की सीमेचा वाद घालणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना एकदा इथे आणून चहा पाजावा असे मला वाटते.

वाडीचा फाटा

आपल्याकडची जुनी रेल्वे म्हणजे मुंबई-मद्रास मार्ग. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जुन्या माणसांच्या तोंडी जी. आय. पी., १८६० साली सोलापूरपर्यंत आली आणि १८७१ साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. हा मार्ग निजामाच्या मुलखातून गेला, पण राजधानी हैदराबादला त्याने वळसा घातला. मग निजामाच्या राज्याने वाडीहून सिकंदराबादपर्यंत स्वतःचा फाटा काढला. तो १८७४ मध्ये सुरू झाला. चित्तापूर, मळखेड, सेडम, तांडूर ही गावे तेव्हापासून रुळांवर आहेत. म्हणजे अव्वा नवरी होऊन निघाली तेव्हा त्या रुळांना ऐंशीहून अधिक वर्षे झालेली होती.

वाडीला मी कितीतरी रात्री काढल्या आहेत. जंक्शन असल्याने गाडी कोणत्याही वेळी येते आणि कोणत्याही वेळी चुकते. चुन्याच्या दगडाचा प्रदेश, सिमेंटचे कारखाने, मालगाड्यांच्या रांगा. अलीकडे शहाबाद. महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांत लोक ज्या फरशीवर पाट मांडून जेवतात ती शहाबादी फरशी या गावाच्या नावाची. गंमत म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांना फरशी माहीत असते, पण हे एक स्टेशन आहे आणि रात्रीच्या गाडीत ते झोपेत त्यावरून जातात हे माहीत नसते.

या मार्गाला दुखरी आठवणही आहे. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्टेशनात मद्रासहून मुंबईकडे जाणाऱ्या मेलवर रझाकारांनी प्राणघातक हल्ला केला. त्यानंतर चार महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान मोकळे झाले. आमचे सेडमचे अज्जा सांगत की त्या उन्हाळ्यात स्टेशनावर कुणी विनाकारण थांबत नसे, गाडी आली की लोक आधी डब्यातल्यांचे चेहरे बघत आणि मग चढत. अज्जांचे बोलणे मी ऐकले ते अगदी लहानपणी. ते गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

"मंदी एल्ली?"

आता जे सांगायचे म्हणून लिहायला बसलो ते सांगतो.

२००९ च्या दिवाळीत मी सगळे फोटो नीट लावून दोन आल्बम तयार केले. एका आल्बममध्ये भालकी ते सेडम, व्हाया विकाराबाद, असा अव्वाच्या लग्नाचा सगळा मार्ग क्रमाने लावला. प्रत्येक स्टेशनची पाटी, इमारत, सिग्नल, पाण्याची टाकी, फाटक. माझ्या दृष्टीने वीस वर्षांची कमाई होती ती. अव्वाची नजर तेव्हा मंद होत चालली होती. ओसरीवर उजेडात बसवून एकेक पान उलटून दाखवले. तिने पाने उलटली, पाट्या वाचल्या, विकाराबादच्या पुलावर बोट ठेवले. शेवटी आल्बम मिटून म्हणाली,

"एल्ला छंद अद. मंदी एल्ली?"

सगळे छान आहे, पण माणसे कुठे आहेत?

मी पुन्हा पाने उलटली. खरेच, एकाही फोटोत धड माणूस नव्हता. मी मुद्दाम तसे केले होते. चौकटीत कुणी आले की मी थांबायचो, "बाजूला व्हा हो" म्हणायचो, माणूस निघून गेल्यावर बटण दाबायचो. टोकनच्या फोटोतही नुसता हात, सांधेवाल्याचा चेहरा नाही. त्या तेलुगू मास्तरांबरोबर मी कितीतरी संध्याकाळी चहा प्यायलो, पण त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

अव्वा मग सेडमच्या पाटीच्या पानावर परत गेली. म्हणाली, "इथे माझे अप्पा उभे होते. गाडी सुटली तेव्हा धोतराचा सोगा हलवत होते. पाटीच्या अलीकडे, लिंबाच्या झाडाजवळ." आणि मग जे म्हणाली ते मला माहीत असूनही कधी जाणवले नव्हते. अज्जांचा एकही फोटो नाही. कुणी कधी काढलाच नाही. त्या घरात कॅमेरा नव्हता आणि गावात फोटोवाला आला तेव्हा अज्जा शेतात होते. तिच्याकडे तिच्या वडिलांचे एकच चित्र होते, सेडमच्या फलाटावरचे, आणि ते तिच्या डोळ्यांत होते. ते डोळे आता मंद होत चालले होते.

पुढे कधीतरी मला ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन फोटोग्राफरची चित्रे पाहायला मिळाली. १९५५ ते १९६० या काळात व्हर्जिनियाच्या भागात एका रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने त्याने टिपली, बहुतेक रात्री, ढीगभर फ्लॅशचे दिवे लावून. त्याच्या एका प्रसिद्ध फोटोत मोटारीत बसून उघड्यावरचा सिनेमा बघणारे जोडपे पुढे आहे आणि इंजिन मागून धूर सोडत जात आहे. दुसऱ्यात ओढ्यात डुंबणारी पोरे आहेत, वरून पुलावरून गाडी चालली आहे. जगातल्या एका मोठ्या फोटोग्राफरला कळलेले माझ्या न शिकलेल्या अव्वाला ओसरीवर बसून कळले होते.

नवा रस्ता

बीदर आणि कलबुर्गी या शेजारच्या दोन जिल्हा ठिकाणांना थेट जोडणारी रेल्वे असावी ही मागणी आमच्या लहानपणापासूनची. मार्ग मंजूर झाला १९९० च्या दशकाच्या अखेरीस. मग मोजणी, मातीकाम, निधी, पुन्हा मोजणी. मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरहून लांब बोगदा खणावा लागला. सुमारे दोन दशके आम्ही हुमनाबादच्या बसमधून मातीचे भराव बघत होतो. त्या भरावांवर बाभळी वाढल्या. अखेर २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुमारे एकशे दहा किलोमीटरच्या या मार्गाचे लोकार्पण झाले.

पुढच्याच वर्षी, संक्रांतीनंतर, मी अव्वाला घेऊन निघालो. वय जवळजवळ ऐंशी, गुडघे दुखत, डोळ्यांना अंधूक दिसे. मुलांनी विरोध केला. ती म्हणाली, "सरळ रस्ता झाला आहे तर एकदा सरळ जाऊ द्या." बीदरहून डेमू गाडी. खानापूरला जुना मार्ग सुटला आणि गाडी दक्षिणेकडे वळली. हळ्ळीखेड, हुमनाबाद. हुमनाबाद आल्यावर तिने माणिकनगरच्या दिशेने हात जोडले. खिडकीतून तुरीची खोडे, ज्वारीची हुरड्यात आलेली कणसे, लाल जांभ्याची माती संपून काळी माती सुरू होताना दिसत होती. बोगद्यात शिरलो तेव्हा डब्यातली पोरे ओरडली. तिने माझा हात घट्ट धरला. उजेड आल्यावर हसून म्हणाली, "साठ वर्षे लागली बघ या डोंगरातून यायला."

कमलापूरला एक बाई चढली, डोक्यावर सुसल्याची पाटी. अव्वाशी कानडीत बोलली, माझ्याशी मराठीत, समोरच्या म्हाताऱ्याशी दखनीत. मी कॅमेरा काढला, आता डिजिटल होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीतल्या माणसाला विचारले, "बाई, तुमचा फोटो काढू का?" तिने आधी पदर सारखा केला. हा फोटो माझ्या चांगल्या फोटोंपैकी एक आहे.

कलबुर्गीला रात्र नातलगांकडे काढून दुसऱ्या दिवशी वाडीमार्गे सेडमला उतरलो. फलाट बदलला होता, उंच झाला होता. लिंबाचे झाड सापडले नाही. अव्वाने पायांनी अंदाज घेतला, इंजिनाच्या बाजूने पाटीकडे दहा-बारा पावले चालली, थांबली, पुन्हा दोन पावले मागे आली. "इथे," म्हणाली. मी तिचा तिथे उभा फोटो काढला. मग ती म्हणाली, "थांब," आणि पदराचे टोक हातात धरून हलवले, जसा अज्जांनी सोगा हलवला असेल तसा. मी बटण दाबले. समोरून मालगाडी चालली होती, तिचा आवाज एवढा की ती काय बोलली ते मला ऐकू आले नाही. नंतर विचारले तर म्हणाली, "तुला नव्हते सांगत."

२०२१ च्या उन्हाळ्यात अव्वा गेली. आमच्या देवघराच्या भिंतीवर तो फोटो आहे. पाहुणे विचारतात, ह्या कुणाला निरोप देत आहेत? आम्ही सांगतो, निरोप घेत आहेत.

जाता जाता

आता आपल्या भागातली स्टेशने झपाट्याने बदलत आहेत. मुंबई-वाडी मार्ग दुहेरी झाला, विजेच्या तारा आल्या. बीदरच्या मार्गावरही खांब उभे राहिले. २०२३ पासून अमृत भारत स्थानक योजनेत गाणगापूर रोड, शहाबाद, वाडी अशा स्थानकांचा कायापालट सुरू झाला. हे व्हायलाच हवे. उंच फलाट आणि सरकता जिना अव्वासारख्या गुडघेदुखीच्या माणसाला किती लागतो ते मी पाहिले आहे. पण जुने पाडताना एखादी पाटी, एखादे टोकन यंत्र, एखादी दगडी कमान राखून ठेवता येते. आपल्याच कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात अरसाळू नावाचे लहान स्टेशन आहे. शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज' मालिकेचे चित्रीकरण तिथे झाले होते. जुनी इमारत पडायला आली होती, ती रेल्वेने दुरुस्त करून २०२० मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय केले. आपल्याकडे शंकर नाग आले नाहीत हे खरे, पण आपल्या प्रत्येक स्टेशनावर कुणाची तरी अव्वा उतरली आहे.

ज्यांना फोटोचा नाद आहे त्या तरुण मंडळींना दोन अनुभवाच्या गोष्टी. एका स्टेशनात, नाव नको, मला शिपायाने कॅमेऱ्यासह दोन तास बसवून ठेवले होते. चूक माझीच होती, मी न विचारता यार्डात शिरलो होतो. फलाटाचे तिकीट म्हणजे फोटोची परवानगी नव्हे. आधी स्टेशन मास्तरांना भेटा, काय आणि कशासाठी काढणार ते सांगा. लहान स्टेशनावर बहुधा चहाही मिळतो. रुळांत उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय विजेवरची गाडी वाफेच्या गाडीसारखी लांबून ओरडत येत नाही, ती आल्यावरच कळते. फाटकाच्या बाहेर, शेताच्या बांधावर उभे राहा. सकाळी आठच्या आत आणि दुपारी चारनंतर उजेड चांगला असतो.

आणि दिवस निवडायचा तर वेळ अमावस्येचा निवडा. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी आपल्याकडे गावे ओस आणि शिवारे भरलेली असतात. मराठी घर असो की कानडी, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील आणि उंडे सगळीकडे तेच. गेल्या वेळ अमावस्येला मी हलबर्ग्याजवळ एका बांधावर उभा होतो. गाडी यायची होती. शेतातल्या माणसांनी हाक मारली, "ओ सर, काय करूलालाव तिथं? या की, आंबील घ्या." मी जाऊन बसलो. द्रोण हातात असतानाच गाडी आली. कोपेभोवतीची सगळी माणसे, लेकरे, म्हाताऱ्या उठून हात हलवू लागल्या. डब्यांच्या दारांतूनही हात हलले. कुणी कुणाला ओळखत नव्हते.

आंबिलीचा द्रोण खाली ठेवून मी कॅमेरा उचलला तेव्हा गाडीचे शेवटचे दोन डबे उरले होते. फोटोत गाडी थोडीच आहे. माणसे मात्र सगळी आली आहेत.